कॉमिक कॉनमधलं फील्डवर्क: ५० मुलाखती सोडा, एक कोपरा धरा

मला सल्ला विचारणारे पाच जण आहेत. मुंबईतल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्राच्या एम.ए.ला, राहायला डोंबिवलीपासून विरारपर्यंत. एथ्नोग्राफीच्या, म्हणजे माणसांत मिसळून त्यांचं जगणं पाहून लिहिण्याच्या पद्धतीच्या, पेपरसाठी त्यांना कॉमिक कॉन या कॉमिक्सच्या चाहत्यांच्या संमेलनातल्या फॅन संस्कृतीवर फील्डवर्क करायचंय. संमेलन दोन दिवसांचं. तयारी म्हणून ४० प्रश्नांचा गूगल फॉर्म केलाय आणि ५० कॉस्प्लेयरच्या (आवडत्या पात्राचा पोशाख करून येणाऱ्यांच्या) मुलाखती घ्यायचं ठरवलंय. प्रश्न असे: एवढं पुरेल का? परवानगी कोणाची घ्यायची? तिघे स्वतःच जपानी कार्टूनपटांचे, म्हणजे अ‍ॅनिमेचे चाहते आहेत, तर अभ्यास एकांगी होईल का? आणि एकीने कॉस्प्ले करून गेलं तर चालेल का?

मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांना फील्डवर्क शिकवते आणि अशा गर्दीच्या ठिकाणी त्यांच्याबरोबर जाते. म्हणून आधी सरळ सांगते: ५० मुलाखती होणार नाहीत, आणि झाल्या तरी त्यातून एथ्नोग्राफी उभी राहणार नाही.

तिथली परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. स्टेजवरचे स्पीकर चालू, कानाशी तोंड नेल्याशिवाय ऐकू येत नाही. समोरच्याच्या अंगावर फोमचं चिलखत, डोक्यावर विग, डोळ्यांत रंगीत लेन्स, आणि मागे फोटोसाठी माणसं खोळंबलेली. तुम्हाला मिळणार तीन मिनिटं. त्यात तुम्ही विचारणार, ‘हे पात्र तुम्हाला का आवडतं?’ हाच प्रश्न त्याला सकाळपासून यूट्यूबवाल्यांनी आणि पत्रकारांनी विचारलेला असतो. उत्तर तोंडपाठ झालेलं असतं: लहानपणापासून बघतोय, त्याचा संघर्ष मला जवळचा वाटतो. उत्तर खोटं नसतं. पण अशी ५० उत्तरं गोळा केलीत तर पन्नासाव्या कागदावर पहिल्यापेक्षा नवीन काही नसेल.

‘का’ बाजूला ठेवा. ‘कसं’, ‘कशाचं’, ‘कोणी करून दिलं’, ‘किती दिवस चाललं’ हे विचारा. ‘हे खांद्यावरचं कशाचं बनवलंय?’ एवढं विचारलं की माणूस खुलतो. मग कळतं की ही योगा मॅट आहे, कारण ईव्हीए फोम परवडला नाही. हीट गन मित्राची. काँटॅक्ट सिमेंट या गोंदाचा वास घरात भरला म्हणून वडिलांनी काम गॅलरीत करायला लावलं. झग्याचं कापड मंगलदास मार्केटचं, लेस भुलेश्वरची, छातीवरचे एलईडी लॅमिंग्टन रोडचे. झगा शिवला घराजवळच्या टेलरने, आणि त्याने विचारलं की गॅदरिंग आहे का. वन रूम किचनमध्ये एवढे मोठे पंख वाळवायला ठेवले कुठे, हे ऐकताना तुम्हाला घर दिसतं, पैसे दिसतात, बाप-लेकाचं नातं दिसतं. तुमचा अभ्यासविषय तिथे आहे. संमेलनातले दोन दिवस म्हणजे कित्येक महिन्यांच्या कामाचं शेवटचं टोक. ते काम पाहिल्याशिवाय आवडीबद्दल काही म्हणता येत नाही.

आता नोंदींबद्दल. इथे जरा रेंगाळते, कारण विद्यार्थ्यांचं फील्डवर्क सर्वांत जास्त इथेच फसतं. पुष्कळ वह्यांमध्ये असं वाक्य सापडतं: ‘कॉस्प्लेयर एकमेकांना मदत करतात. वातावरण उत्साहाचं व आपुलकीचं होतं.’ ही नोंद नव्हे, हा निष्कर्ष आहे. आणि ज्यावरून तो काढला तेच वहीत नाही. त्याच प्रसंगाची नोंद खालीलप्रमाणे करता येते. मी पाहिलेल्या एका प्रसंगावरून देते, ओळख पटेल असे तपशील बदलून:

‘दुपारी १२.४०. वॉशरूमबाहेरची भिंत, खाली विजेचा सॉकेट. निळा विग घातलेली मुलगी, विशीची असावी. उजव्या पंखाचा सांधा निखळलाय. बरोबर आई, साडीत, खांद्याला दोन पिशव्या. आई पर्समधून सेफ्टी पिना काढून दातांत धरते. शेजारून चिलखत घातलेला मुलगा जातो, थांबतो, काही न विचारता कमरेच्या पाउचमधून ग्लू गन काढून सॉकेटला लावतो. गन तापेपर्यंत कोणी बोलत नाही. मुलगा मुलीला इंग्रजीत विचारतो, आधी कुठला ग्लू वापरला होता. आईला हिंदीत: आंटी, जरा इधर पकडो. आई मुलीला: सांगत होते ना, तारेनं बांध म्हणून. मुलगा हसून: काकू, तारेचं बरोबर होतं तुमचं. इथून पुढे तिघेही मराठीत. पंख चिकटतो. मुलगी आणि मुलगा इन्स्टाग्रामचे हँडल घेतात. खरं नाव कोणीच कोणाला विचारलं नाही. आईने मुलाला चिक्की दिली.’

या एका परिच्छेदात किती धागे आहेत पाहा. हा मुलगा स्वतःसाठी लागो न लागो, ग्लू गन बरोबर ठेवतो, म्हणजे मोडतोड होणार आणि कोणाला तरी गरज पडणार हे या मंडळींनी धरूनच चाललेलं आहे. न विचारता मदत करण्याची तिथे रीत आहे. आई इथे प्रेक्षक नाही, ती कारागिरीत सामील आहे, तिचं तांत्रिक मत आहे आणि ते बरोबर निघालंय. ओळख करून घेताना नावापेक्षा हँडल पुढे येतो. आणि भाषा! अनोळखी कॉस्प्लेयरशी इंग्रजी, अनोळखी बाईशी हिंदी, आणि ती मराठी आहे कळल्याबरोबर ‘आंटी’ची ‘काकू’ होते. मुंबईत राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ही अदलाबदल इतकी सवयीची असते की ती नोंदवायचं सुचत नाही. मुद्दाम नोंदवा: कोण, कोणाशी, कुठल्या क्षणी भाषा बदलतं. आणि बोलणं ज्या भाषेत झालं त्याच भाषेत उतरवा. अहवाल मराठीत किंवा इंग्रजीत लिहायचाय म्हणून जागच्या जागी भाषांतर केलंत तर हा धागा कायमचा जातो.

जागेवर लिहायला फोन उत्तम. तिथे प्रत्येकाची मान फोनमध्येच असते, तुमच्याकडे कोणी वळून पाहत नाही. चार-पाच शब्द टिपा: ‘ग्लू गन, सॉकेट, काकू, चिक्की’. मात्र त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, त्या शब्दांवरून पूर्ण नोंद लिहा. सकाळी लिहू म्हटलंत तर कोण आधी बोललं हे पुसलेलं असेल. आणखी एक नियम माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी जाचक वाटतो, पण मी तो सोडत नाही: स्वतःची नोंद पूर्ण होईपर्यंत गटातल्या कोणाशी त्या दिवसाबद्दल बोलायचं नाही. परतीच्या गाडीत पाच जण गप्पा मारत गेलात की पाच जणांच्या आठवणींची एकच आठवण होते, आणि सगळ्यांत चांगलं सांगणाऱ्याची ती असते. गाडीत बसायला मिळालं तर लिहा, नाही मिळालं तर गप्प उभे राहा.

लिहून झाल्यावर प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये कर्नाटकातल्या रामपुरा गावात केलेल्या अभ्यासाच्या, वर्षानुवर्षं खपून नीट लावलेल्या नोंदी १९७० साली स्टॅनफर्डमध्ये लावलेल्या आगीत जळाल्या. पुढे त्यांनी बराचसा आठवणीवर विसंबून त्या गावावरचं पुस्तक लिहिलं. ते श्रीनिवास होते. आपण प्रत काढलेली बरी.

तुम्ही पाच जण आहात, ही मोठी जमेची बाजू आहे. पण पाचही जण घोळक्याने सगळा हॉल पालथा घालणार असाल तर ती वाया गेली. एकेकाने एकेक जागा धरा आणि दोन्ही दिवस तीच धरा. एकाने प्रवेशाची रांग आणि तपासणी. शस्त्रांच्या प्रतिकृती दारात तपासल्या जातात. तलवार फोमची आहे हे सुरक्षारक्षकाला पटवून देताना जे संवाद होतात ते ऐकण्यासारखे असतात. एकाने चित्रकारांची टेबलं. तिथे समोर उभं राहू नका. आधी ओळख काढून एखाद्या चित्रकाराला मदतनीस म्हणून टेबलामागे बसा, सुटे पैसे द्या, प्रिंट गुंडाळून द्या. कोण हात लावून ठेवून देतं, कोण स्टिकरवर भागवतं, भावाची घासाघीस कुठल्या भाषेत होते, टेबलाचं भाडं सुटलं की नाही याचा हिशेब चित्रकार कितीदा करतो, हे सगळं मागूनच दिसतं. एकाने फोटो काढण्याच्या जागा. एकाने दुरुस्ती-मेकअपचा कोपरा. कपडे बदलायच्या खोलीत मात्र वही-फोन न्यायचा नाही, तिथलं काही नोंदवायचं नाही.

पाचवी जागा मी आग्रहाने सांगते: तिथे कामाला आलेली माणसं. सफाईच्या मावश्या, रक्षक, स्टॉल उभारणारे सुतार, टेम्पोवाले. चाहत्यांबद्दल लिहिताना यांना सगळे वगळतात. पण दोन दिवस हा सगळा सोहळा तेही पाहत असतात, त्यांची त्यावर मतं असतात, कोणाच्या मुलाला यातलं कुठलं पात्र आवडतं हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्याशी बोलताना वेळेचं भान ठेवा. सुपरवायझरसमोर अडवून ठेवलंत तर बोलणी त्यांना बसतील. जेवणाच्या सुट्टीत, त्यांची मर्जी असेल तरच.

जेवणावरून आठवलं. चाहत्यांकडून तुम्हाला वारंवार ऐकू येईल की ‘आम्ही सगळे एक कुटुंब आहोत’. हे वाक्य जसंच्या तसं अहवालात घालण्यापूर्वी इरावती कर्वे वाचा. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या विद्यार्थिनी असलेल्या इरावतीबाई पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या, वारकऱ्यांचं प्रेम त्यांनी मनापासून अनुभवलं, आणि त्या अनुभवावरच्या लेखातच लिहिलं की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगवेगळे जेवतात आणि हे त्यांना किती टोचलं. भक्ती खरी आणि पंगतीतली फूटही खरी. दोन्ही त्यांनी एकाच नजरेने पाहिलं. तुम्हीही दुपारी दीड ते तीन या वेळात चालून चालून दमलेली माणसं कुठे बसतात, कोणाबरोबर बसतात ते पाहा. कोण आतल्या स्टॉलवरचं महागडं बर्गर घेतं, कोण बाहेर जाऊन वडापाव खाऊन परत येतं, कोण काहीच खात नाही. मघाशी एकमेकांना मिठ्या मारून फोटो काढणारे आता एकत्र बसलेत का? बंगळूरहून विमानाने आलेला आणि बदलापूरहून पहाटेची लोकल धरून आलेला एका वर्तुळात आहेत का? असतील तर तेही लिहा. आधी ठरवून जाऊ नका.

आणि फील्ड फक्त हॉलमध्ये नसतं. कॉमिक कॉन इंडियाचं पहिलं संमेलन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटला झालं. मुंबईत ते आधी कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरला भरलं, आणि आपल्याकडे त्याच्या नावात ‘फिल्म’ शब्दही होता. पुढे ते गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात गेलं, अलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलात. जागा बदलली की येणारी माणसं आणि त्यांचा प्रवास बदलतो. गोरेगाव पश्चिम रेल्वेवाल्यांना सोयीचं, डोंबिवलीकराला दादरला गाडी बदलणं आलं. संकुलात जायचं तर कुर्ल्याला किंवा वांद्र्याला उतरून रिक्षा किंवा बस, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रोही. चिलखत घालून लोकलमध्ये चढायचं की पिशवीत भरून न्यायचं? मुली काय करतात, मुलगे काय करतात? लेडीज डब्यातल्या बायका काय विचारतात? तुमच्यातल्या एकाने तरी ओळखीच्या एखाद्या कॉस्प्लेयरबरोबर, त्याच्या परवानगीने, घरापासून प्रवेशद्वारापर्यंत प्रवास करावा. मला विचाराल तर दोन दिवसांतला सर्वांत दमदार भाग हाच ठरू शकतो.

म्हणून संमेलनाच्या आधी निदान महिनाभर कामाला लागा. दोन-तीन जण असे शोधा ज्यांची तयारी तुम्हाला घरी जाऊन पाहता येईल. नंतरही त्यांना भेटा, संमेलनाचा भर ओसरल्यावर. खर्चाचा हिशेब, मोडलेल्या वस्तूंचं काय केलं, फोटो कधी टाकले, पुढच्या वर्षी करणार का, हे तेव्हाच नीट कळतं. ५० अनोळखी माणसांच्या तीन-तीन मिनिटांपेक्षा अशा तिघांच्या दोन-दोन सविस्तर भेटी कितीतरी पटींनी उपयोगी.

एक गैरसमज आधीच काढून टाकते. ‘ही सगळी पाश्चात्त्य किंवा जपानी लाट आहे’ असं वाक्य प्रस्तावनेत येतं तेव्हा मला वाईट वाटतं. टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघत होत्या, त्यातला वेताळ (फँटम) मराठीतही वाचला गेला. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्रकथा मुंबईतूनच सुरू केली. जुने अंक शोधत फिरणारे साठीचे काका तुम्हाला संमेलनात भेटतील, त्यांच्याशी जरूर बोला. आणि जुहूला ‘जलसा’बाहेर रविवारी जमणारी गर्दी या शहरात कॉस्प्लेच्या कितीतरी आधीपासून आहे. चाहता असणं मुंबईला नवीन नाही. नवीन काय आहे, ते नेमकं शोधणं हे तुमचं काम.

तिघे चाहते आहेत म्हणून अभ्यास एकांगी होईल का? होऊ शकतो, तसाच तो चाहता नसलेल्या दोघांचाही होऊ शकतो. अमेरिकन अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांवर पुस्तक लिहिलं ते स्वतः चाहता असल्याचं सांगूनच, आणि या विषयाच्या अभ्यासाला त्यातून मोठी चालना मिळाली. चाहत्याला पात्रं ओळखता येतात, विनोद कळतात, कारागिरीतली मेहनत कळते. त्याला दिसत नाही ते नेहमीचं झालेलं. नवख्याला सगळंच विचित्र दिसतं, पण कुठलं विचित्र महत्त्वाचं हे कळत नाही. म्हणून संमेलनाबाहेरच्या भेटींत जोड्या लावा: एकाच प्रसंगाची नोंद एका चाहत्याने आणि एका नवख्याने स्वतंत्रपणे करावी, मग दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात. आणि अहवालात कोण चाहता, कोण नाही, हे स्पष्ट लिहा.

आता परवानगी. तिकीट काढल्याने आत जायचा हक्क मिळतो, संशोधनाचा नाही. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन आयोजकांना काही आठवडे आधी लिहा. काय करणार, रेकॉर्डिंग करणार का, नोंदी कोण वाचणार, हे एका पानात. नकार आला तर तो पाळा, आणि आधी ओळख झालेल्या कॉस्प्लेयरबरोबर त्यांच्या घरी, त्यांच्या भेटीगाठींत काम करा. विषय तरीही होतो.

व्यक्तींची संमती ही त्याहून नाजूक गोष्ट. कॉस्प्लेयर पोझ देतो ती फोटोला दिलेली संमती. तुमच्या प्रबंधात यायला त्याने होकार दिलेला नाही. आपण विद्यार्थी आहोत, हा अभ्यास आहे, नको वाटलं तर कधीही थांबता येईल, हे त्याच्या भाषेत, दोन वाक्यांत सांगा आणि मग पुढचं बोला. शिवाय नाव बदलल्याने इथे ओळख लपत नाही. ‘अमुक पात्राचा पोशाख केलेली, दुसऱ्या दिवशी बक्षीस मिळालेली’ एवढं लिहिलंत की तिचे सगळे मित्र ओळखतील. पोशाख, दिवस, बक्षीस यांतलं काहीतरी बदलावं लागतं. उलट काही जणांना नाव हवंच असतं. महिनोन्‌महिने खपून केलेली कलाकृती निनावी छापणं त्यांना अन्याय वाटतो, आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणून प्रत्येकाला विचारा: नाव देऊ की झाकू? नाव द्यायचं ठरलं तर छापण्यापूर्वी तो मजकूर त्यांना वाचायला द्या. चाहत्यांच्या डिस्कॉर्ड किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटांत गुपचूप बसून स्क्रीनशॉट घेणं तर मुळीच नको.

तिथे शाळकरी मुलं पुष्कळ असतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यातही १८ वर्षांखालची व्यक्ती बालकच आहे. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. दोन दिवसांच्या कामात ते नीट जमत नाही, त्यामुळे मुलाखती फक्त सज्ञानांच्या घ्या असं मी सुचवेन.

मुलींना होणारा त्रास तुमच्या डोळ्यांसमोर घडू शकतो: मागून फोटो काढणं, ‘पोशाखाला’ म्हणून अंगाला हात लावणं. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये, कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे, अशा पाट्या जागोजागी लावल्या त्या याच कारणाने. असं दिसलं तर नोंद बाजूला ठेवा, त्या मुलीजवळ जा, तिला हवं असेल तर आयोजकांना बोलवा. लिहायचं की नाही हे नंतर तिला विचारून ठरवा. ‘तुम्ही सांगाल ते कोणालाही कळणार नाही’ असं सरसकट वचनही देऊ नका. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे.

गूगल फॉर्मचं काय? ठेवा, पण १० प्रश्नांपर्यंत आणा: राहण्याचं ठिकाण, वय, कितव्यांदा आलात, कोणाबरोबर, कसे आलात, अंदाजे खर्च. तुमच्या नोंदींना पार्श्वभूमी म्हणून तो चालेल. त्यावरून टक्केवारी काढून ‘मुंबईतले चाहते असे आहेत’ असं लिहू नका. रांगेत कंटाळलेले आणि फोन हातात असलेले लोकच तो भरणार आहेत.

राहिला प्रश्न कॉस्प्लेचा. एकीने जरूर करावा, फक्त पोशाख विकत किंवा भाड्याने आणू नये. स्वतः बनवावा, आणि बनवताना रोज नोंद ठेवावी: काय बिघडलं, कोणाला विचारलं, घरचे काय म्हणाले, किती पैसे गेले. पोशाख घालून येईल त्या दिवशी तिच्याकडून लेखनाची अपेक्षा ठेवू नका. विग आणि लेन्स सांभाळत टिपणं होत नाहीत. रात्री तिला घरी बोलतं करून दुसऱ्या कोणीतरी, स्वतःची नोंद लिहून झाल्यावर, रेकॉर्ड करावं. संशोधनाबद्दल कोणाशी बोलायची वेळ आली तर ओळखपत्र गळ्यात हवं, कारण पोशाखातल्या माणसाला समोरचा आपल्यातला समजून बोलतो, आणि आपण कोणाशी बोलतोय हे कळण्याचा त्याला हक्क आहे. पात्र कुठलं घ्यायचं हे तिचं तिने ठरवावं. पहिल्यांदाच करत असेल तर पंख नसलेलं घ्यावं.